चुगलखोर डबी

पिवळं, पोकळ, शर्टाच्या बटणाहूनही लहान असं काहीतरी दुमडलेल्या बाहीतून सुटलं, बशीत पडलं, बशीच्या कडेकडेने अर्धी फेरी मारून सांडलेल्या चहात जाऊन बसलं — आणि त्याच्यावरचा काळा चार उताणा होऊन तिच्याकडे बघत राहिला.

फेरूल. वायरीच्या टोकावर मोजा चढवावा तसं चढवायचं, नंबर छापलेलं प्लॅस्टिकचं नळकांडं. म्हणजे पुढेमागे विजेचं पॅनेल उघडणाऱ्याला कळतं की ही वायर कुठून आली. अशी फेरुलं ती वर्षानुवर्षं चढवत आली होती आणि त्यांतलं एकही कधी तिच्याबरोबर घरी आलं नव्हतं. जेवढ्या वायरी तेवढीच घ्यायची आणि सगळी संपवायची, ही तिची रीत. एखादं उरलं तर समजायचं की कुठंतरी एक वायर बिननंबराची, उघडी राहिली आहे... कालची वायर. काल संध्याकाळी, कारखान्यातल्या त्या नव्या डबीत वायरी बसवताना — शर्टही कालचाच, खुर्चीवरून उचलून तसाच अंगात घातलेला, कारण धुतलेला कुठे ठेवला तेच आठवेना — आणि तिला एकदम हसू फुटलं. आपली चूक सापडल्यावर माणसाच्या पोटात गोळा यायला हवा. तो आलाच, नाही असं नाही; पण हसू आधी आलं, आणि ही उलटी रीत तिची तिलाच नवी होती.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. त्या समोर बसून भिंगातून पेपर वाचत होत्या.

"काही नाही, आई."

"काल झोपेतसुद्धा हसत होतीस. मी पाणी प्यायला उठले तेव्हा."

"मी?"

"नाहीतर काय मी? या घरात माणसं दोन. मी हसले असते तर मला कळलं असतं." भिंग बातमीवरून सरकून तिच्या चेहऱ्यावर आलं आणि त्यामागचा सासूबाईंचा डोळा हा एवढा मोठा झाला. "कोण होतं स्वप्नात?"

"कुणी नव्हतं."

"कुणी नसताना एवढं हसू येतं होय?" पेपर पुन्हा वर गेला, आणि पेपरमागून सावकाश आवाज आला, "आम्हाला बाई येत नाही."

फेरूल तिने बशीतून उचललं, पदर नव्हता म्हणून शर्टालाच पुसलं आणि मुठीत धरलं. या पेपरमागच्या बाईला काय सांगायचं? नवरा गेला तेव्हा ती तिशीतही नव्हती. दोघी बायका एका घरात उरल्या, एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा गेलेला, आणि कुणी कुणाला सांभाळायचं हे कधी ठरलंच नाही. जिला ताप नसेल तिने स्वयंपाक करायचा एवढंच ठरलं. पहिली काही वर्षं सासूबाई मागे लागल्या होत्या — तू लग्न कर, मी सांगते म्हणून कर, माझ्याकडे बघू नकोस. एकदा तिने हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं होतं आणि म्हटलं होतं, मला आता काही नको, हा विषय या घरात पुन्हा नको. सासूबाईंनी तो पुन्हा काढला नाही. कुणीच काढला नाही. आणि मग ते वाक्य बोळातल्या मोठ्या कपाटासारखं घरातच राहिलं — जाता-येता अंग चोरून जायचं, पण ते हलवता येतं हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

रस्त्यावर ऊन नुकतंच भिंतींवरून खाली उतरत होतं. दुकानांची शटरं खडखडत वर जात होती, कुणीतरी फुटपाथवर पाणी मारत होतं, आणि ती खिशातल्या मुठीत चार धरून चालली होती. चूक नेमकी काय झाली असेल ते आठवणं भाग होतं. एक, दोन, तीन या वायरी बसल्या. तिसरीचा स्क्रू कसून झाला. चौथीचं फेरूल चिमटीत धरलं होतं... पॅनेल खाली, जमिनीलगत, म्हणून ती मांडी ठोकून बसलेली. आणि मागे, तिच्या खांद्यावरून वाकून, टॉर्च धरून उभा — सावकाश.

त्याला त्या कागदाच्या कारखान्यात सगळे सावकाशच म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर असेल. यंत्रांचा फिटर, नट आवळताना सावकाश, जिना चढताना सावकाश, समोरचा माणूस तावातावाने बोलायला लागला की त्यालाही "सावकाश". बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी. त्याच्या हातातला टॉर्च म्हणजे भिंतीत बसवलेला दिवा, इतरांसारखा इकडेतिकडे हलायचा नाही, म्हणून पॅनेलचं काम निघालं की ती त्यालाच बोलवायची. म्हणूनच. आणखी कशासाठी?

"ऐकलंत का," तो काल म्हणाला होता. "एक विचारायचं होतं. उत्तर सावकाश दिलंत तरी चालेल."

"विचारा की," ती म्हणाली. तिला वाटलं, शिडीबद्दल असेल. शिडी हवी असली की तो असाच अडखळायचा.

"माझ्याशी लग्न कराल का?"

वाळवणीचा मोठा पंखा बंद होता. पलीकडच्या कागद दाबणाऱ्या रुळांची घरघर तेवढी जमिनीतून येत होती. टॉर्चचा गोल डबीवर स्थिर होता, जरासुद्धा हलला नव्हता. आणि ती — जिने मोठ्या साहेबाला भर बैठकीत खडे बोल सुनावलेत, जिच्या तोंडाला लागायला अर्धा कारखाना बिचकतो — ती म्हणाली:

"टॉर्च जरा डावीकडे धरा."

आणि त्याने टॉर्च डावीकडे धरला.

बस्स. एवढंच झालं. माणूस आपलं उरलेलं आयुष्य पुढे करतो आणि आपण त्याच्याकडे डावीकडचा उजेड मागतो... आठवलं की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. शेवटची वायर बसेपर्यंत टॉर्च तिथेच, डावीकडेच राहिला होता. मग तो म्हणाला, "झालं?" ती म्हणाली, "झालं." तो म्हणाला, "मग उद्या ठोकून बघू," आणि गेला. त्याच्या नेहमीच्या चालीने गेला, जणू काही विचारलंच नव्हतं, किंवा विचारून झालं होतं आणि आता त्याच्या बाजूने काही शिल्लक नव्हतं.

या वयात लग्न. कानांशी पांढरे केस, उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. लोक काय म्हणतील हा प्रश्न तिने रीतसर स्वतःला विचारून पाहिला आणि त्याचं तिला काही विशेष वाटेना. लोक आठवडाभर म्हणतील, मग कुणाच्या तरी मुलाच्या परीक्षेबद्दल म्हणायला लागतील. अडचण लोकांची नव्हती. अडचण अशी होती की मला नाही म्हणायला कधीच वेळ लागत नाही. सुट्टी मागणाऱ्याला नाही, उसना स्क्रूड्रायव्हर मागणाऱ्याला नाही, सहलीची वर्गणी मागणाऱ्याला नाही — नाही हा शब्द माझ्या जिभेवर बसलेलाच असतो. मग काल तो कुठे गेला होता? काल मी त्याला शोधलासुद्धा नाही!

"ताई, आज लवकर?" फाटकावरचा रखवालदार.

"हो, चाचणी आहे."

"ताई, माझ्या पंख्याचं बघाल का जरा?" भांडारातला कारकून.

"दुपारून."

ताई. फाटकापासून मोठ्या साहेबाच्या खोलीपर्यंत ती ताई होती. तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताई म्हणत. ताई म्हणजे जिचं काम चुकत नाही, जिच्याकडे चावी असते, जिला स्वतःला कधी काही होत नाही. आणि सायकलींच्या रांगेपाशी तिला एकदम लख्ख दिसलं की सावकाशने तिला कधीच ताई म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. ती आठवत गेली — शिडीवरून, पंपाच्या खड्ड्यातून, जेवणाच्या खोलीच्या दारातून — प्रत्येक वेळी 'ऐकलंत का'. जुन्या बायका नवऱ्याला हाक मारायच्या तसं! आणि इतकी वर्षं ती बिनदिक्कत 'ओ' देत आली होती.

ती एकटीच मोठ्याने हसली. रखवालदाराने वळून पाहिलं.

वाळवणीच्या दालनात ओल्या कागदाचा उबदार वास भरलेला होता. तो तिला आवडायचा. इस्त्रीच्या कपड्यांत तोंड खुपसल्यासारखं वाटायचं. कोपऱ्यात घराएवढा पंखा, कागदावर गरम हवा सोडणारा, कालपासून या कामासाठी थांबवलेला. शेजारी पंप, तोही बंद. दोघांच्या बेअरिंगांवर मिळून आठ सेन्सर, पहिले चार पंख्यावर, पुढचे चार पंपावर, आठ सेन्सरांच्या आठ वायरी, आणि त्या सगळ्या पॅनेलमधल्या तळहाताएवढ्या राखाडी डबीत आलेल्या. डबीचं काम काय, तर कुठल्या बेअरिंगला किती थरथर आहे ते सेन्सरांकडून गोळा करायचं, आकड्यांत मांडायचं आणि एका निळ्या केबलीतून वर कंट्रोलरूमला पाठवायचं. डबी येऊन दोन दिवस झाले नाहीत तोच कारखान्याने तिचं बारसं केलं होतं — चुगलखोर. कुणी जरा कुरकुरलं की ही लगेच वर जाऊन सांगणार.

पण तिला हवीच होती ती. मागे पंख्याचं टोकाचं बेअरिंग आतल्या आत झिजत गेलं आणि कुणाला पत्ता लागला नाही. गेलं ते एकदम, पंख्याला घेऊन गेलं, आणि ओल्या कागदाची अख्खी रास लगदा होऊन पडली. तेव्हापासून तिने या डबीसाठी साहेबांचं डोकं खाल्लं होतं. टोकाचं बेअरिंग म्हणजेच चार नंबर. त्याचीच वायर तिने काल बिननंबराची, आणि बहुधा भलत्याच, पंपाच्या जागी बसवली होती. तशीच राहिली तर पंखा ओरडेल आणि वर कंट्रोलरूममध्ये पंपाच्या नावाने दिवा लागेल. लोक धडधाकट पंप उघडून बसतील आणि पलीकडे पंखा मरेल. चाचणीआधी दोन मिनिटं पॅनेल उघडायचं, वायर जागेवर लावायची, चार चढवायचा. कुणाला कळायचंही नाही. यासाठीच ती लवकर आली होती.

तो तिथेच होता. पालथ्या पिंपावर बसून रबरी हातोडा फडक्याने पुसत होता, जणू त्या हातोड्याने जेवण वाढायचं होतं. तिला पाहून उठला.

"ऐकलंत का. सुरू करायचं?"

डोळ्यांत काही विचारणं नव्हतं, रुसवा नव्हता, घाई तर नव्हतीच. सावकाश दिलंत तरी चालेल, हे तो खरंच म्हणाला होता. हा माणूस पाच वर्षांनी विचारेल, काय हो, ठरलं का काही? तिच्या एका खिशात पॅनेलची चावी होती, दुसऱ्यात चार. पॅनेल उघडायचं म्हणजे पुन्हा तिथेच मांडी घालून बसायचं, पुन्हा तो मागे, पुन्हा टॉर्च...

"पॅनेल एकदा..." ती म्हणाली, आणि पुढचे शब्द काही केल्या येईनात. "...मी वर जाते. तुम्ही वॉकीटॉकीवर या."

आणि ती लोखंडी जिना चढून पळाली. पळालीच. साहेबांना सुनावणारी.

कंट्रोलरूममध्ये भाऊ पडद्यासमोर बसून सकाळीच जेवणाचा डबा उघडून त्यातलं एकेक खात होता. भाऊ इथला ऑपरेटर. उंटावरून शेळ्या हाकायचं काम, आणि ते तो मनापासून करायचा. पडद्यावर आठ रेघा होत्या, एकाखाली एक; खाली ज्या बेअरिंगवर ठोका पडेल त्याची रेघ उडायला हवी.

"ताई, खाली सगळं बंद आहे ना? मग ह्या रेघा का थरथरतात?"

"पलीकडचे रूळ चालू आहेत. जमिनीतून येतं ते."

"म्हणजे आपण कितीही गप्प बसा, शेजारी बसू देत नाहीत," भाऊ म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन त्याने डब्यातला शेवटचा तुकडा तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला. एरवी घेत नसे. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे तोंडात घातल्यावर कळलं, आणि कळल्यावर इतकं छान लागलं की तिने डबा आपल्याकडे ओढून तळाला काही उरलंय का पाहिलं. भाऊ बघतच राहिला.

वॉकी खरखरला. "एकवर मारतो."

टक्... टक्... टक्. आवाज इथे येत नव्हता. पहिल्या रेघेवर तीन टोकं उभी राहिली, एवढंच. "आली," ती म्हणाली.

"दोनवर."

टक्... टक्... टक्. "आली."

दुसरे फिटर दारावर थाप मारावी तसे घाईघाईने तीन ठोके मारून मोकळे होतात. हा एक मारतो, थांबतो — पोचला का बघतो — मग दुसरा. रेघेवरची तीन टोकं एकमेकांपासून अशी ऐसपैस अंतर राखून असली की ठोकणारा कोण हे तिला न सांगता कळायचं. दहा फिटरांचे ठोके समोर ठेवले असते तरी यातले त्याचे कुठले ते तिने सांगितलं असतं. हे तिला आत्ता कळलं. म्हणजे ओळखत होते मी कितीतरी वर्षं, पण ओळखते हे आत्ता कळलं... कधीपासून? कुठल्या पंपापासून? आणि समजा कुणी तेव्हा मला हा पडदा दाखवून विचारलं असतं की बाई, एवढं निरखून बघायचं कारण काय, तर मी काय सांगितलं असतं — कामाचा भाग आहे म्हणून!

"तीनवर."

"आली."

"चारवर मारतो."

तिने खिशात हात घालून चार मुठीत आवळला. चौथी रेघ तशीच पडून राहिली, शेजारच्या रुळांची बारीक थरथर अंगावर घेत. पाचवी उडाली. टक्... टक्... टक्, पाचव्या रेघेवर, त्याच त्या ऐसपैस अंतराने.

भाऊने वॉकी हिसकावला. "अरे सावकाश, झोप लागली का? चारवर मारायचं ना! पंखा सोडून पंपाला काय बडवतोस?"

"चारवरच आहे."

"इथे पाच उडतेय!"

"चारवरच आहे, भाऊ."

"मग काय ताईंची वायर चुकली म्हणतोस?" भाऊ तिच्याकडे बघून हसला, कल्पनाच तशी होती. आता दुसऱ्या दालनातलेही ऐकत असणार, वॉकी सगळ्यांचा एकच. बॉयलरवरचा कुणीतरी मध्येच म्हणालासुद्धा, "ताईंची वायर? काय बोलता!" आणि त्या हसण्यात, त्या विश्वासात तिला आयती जागा मिळत होती. काही बोलायची गरज नव्हती. गप्प बसलं की पुरे.

वॉकीवर त्याचा आवाज आला. "असेल. माझंच चुकलं असेल. परत बघतो."

त्याने जे म्हटलं ते तिला आधी कळलंच नाही. हा माणूस हातात हातोडा घेऊन चार नंबरसमोर उभा आहे. ते बेअरिंग त्याने स्वतःच्या हाताने बसवलंय, अंधारातही चुकणार नाही. आणि म्हणतो, माझं चुकलं असेल. का, तर सगळा कारखाना ऐकतोय, आणि माझं कधी चुकत नाही.

तिने भाऊच्या हातातून वॉकी घेतला.

"तुमचं चुकलेलं नाही," ती म्हणाली. "माझं चुकलंय. चार आणि पाच उलट बसल्यात. माझ्या हातून."

भाऊने रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

"चौथ्या वायरीला मी काल नंबरच लावला नव्हता," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच, पण खणखणीत आला.

तो सावकाश माणूस. खाली पंख्यापाशी उभा राहून काल संध्याकाळचं सगळं एकेक करून मांडत असणार. एक बसली, दोन बसली, तीन कसून झाली, मग मी म्हणालो... 

"चौथ्या?" वॉकीतून आलं.

"चौथ्या."

भाऊने दोघांच्या मधल्या हवेकडे बघावं तसं वॉकीकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. "अहो ताई, मग त्यात काय एवढं? इथेच नावं बदला की. चारला पाच म्हणा, पाचला चार म्हणा. दोन कळा दाबल्या की काम झालं. खाली जायची कटकट कशाला? कोण उघडून बघतंय!"

होण्यासारखं होतं ते. पुष्कळ ठिकाणी तसंच करतात. वायर चुकीची तर चुकीची, पडद्यावरचं नाव बरोबर करायचं, की कारभार वर्षानुवर्षं चालतो. मग एक दिवस कुणीतरी नवा माणूस पॅनेल उघडतो आणि डोकं धरून बसतो. असं करणाऱ्यांना तिने आजवर फैलावर घेतलं होतं. "नाही," ती म्हणाली. "उघडून नीट करणार." आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की शब्द नेहमीचेच आहेत, शिस्तीचे, ताईंचे, पण आज त्यांच्यामागे शिस्तबिस्त काही नाही. मला खाली जायचंय. मला त्या पॅनेलपाशी जाऊन मांडी घालून बसायचंय. यासाठी एक वायर उलटी बसली असेल तर बरं झालं बाई, दोन बसल्या असत्या तरी चाललं असतं.

तिने वॉकीचं बटण दाबलं. "टॉर्च आहे का तुमच्याकडे?"

"आहे."

"पॅनेलपाशी घेऊन या."

"बरं." मग थोडं थांबून, पहिला ठोका पोचला का बघून दुसरा मारावा तसं, "डावीकडेच धरायचा ना?"

बॉयलरवाल्याने ऐकलं असेल, गोदामाने ऐकलं असेल. सगळ्यांना वाटलं असेल टॉर्चबद्दल चाललंय, आणि चाललंही टॉर्चबद्दलच होतं. सावकाशला थट्टा करता येते! इतक्या वर्षांत तिला याचा पत्ता नव्हता. अजून काय काय येत असेल त्याला? तिने वॉकी भाऊच्या हातात ठेवला. भाऊ म्हणाला, "ताई, बरं वाटतंय ना तुम्हाला? तोंड लाल झालंय." ती म्हणाली, "फार बरं वाटतंय," आणि दार उघडून बाहेर आली.

जिन्याच्या डोक्याशी ती उभी राहिली. खाली पंख्याच्या सावलीतून तो पॅनेलकडे निघाला होता, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात हातोडा तसाच राहिलेला. सांगणार काय होती ती त्याला? शब्द अजून एकही तयार नव्हता. हो म्हणेन असं नक्की म्हणवत नव्हतं. सासूबाई होत्या — पण सासूबाई तर पेपरमागे सकाळपासून वाटच बघत बसल्यासारख्या होत्या, भिंग रोखून. बोळातलं ते कपाट बहुधा त्यांनी मनातल्या मनात कधीच हलवलं होतं, आणि अंग चोरून चालत होते ती मी एकटी. घर कुणाचं, कोण कुठे राहणार, सासूबाईंना कोण बघणार, त्याच्या मुलीला काय वाटेल — सगळं बाकी होतं, एकाचंही उत्तर नव्हतं, आणि तरी पोटात सकाळचा तो गोळा शोधून सापडेना.

माझं चुकलं. ती मनाशी पुन्हा म्हणाली, चव बघितल्यासारखं. इतकी वर्षं एकही वायर चुकली नाही याचा तिला अभिमान होता. लोक कौतुक करायचे, तीही ते घ्यायची. पण इतकी वर्षं कुणी काही विचारलं आणि हातातलं फेरूल निसटलं, असंही कधी झालं नव्हतं, त्याचं काय? काल झालं. कुणीतरी एक वाक्य बोललं आणि या हातांनी — तिने ते समोर धरून पाहिले, नखांत काळं, अंगठ्यावर जुना चरा — या शहाण्या हातांनी चारच्या जागी पाच लावलं. तोंडाने टॉर्च मागितला आणि हातांनी केव्हाच चुगली केली होती. अजून माझं चुकू शकतं! हे एवढं आनंदाचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

तिने मूठ उघडली. घामाने ओला झालेला पिवळा चार तळहाताला चिकटून बसला होता. तो सुटून जाळीच्या पायरीतून खाली पडू नये म्हणून तिने मूठ पुन्हा मिटली, दुसऱ्या हाताने कठडा धरला आणि ती उतरायला लागली. हा जिना ती नेहमी धडधडत उतरायची, खालच्यांना दुरून कळायचं की ताई येतायत. आज एक पायरी उतरायची आणि थांबायची. गुडघा कुरकुरत होता तो कुरकुरू दे. खाली टॉर्च लागला, त्याचा गोल पॅनेलच्या दारावर पडला आणि जरासा डावीकडे सरकून थांबला. अजून बऱ्याच पायऱ्या उरल्या होत्या, आणि तिला घाई नव्हती.